नदीपलीकडचा कोरा भाग

गिनी देशाच्या दक्षिणेकडच्या जंगलपट्ट्यात, गेकेडू गावी 2014 साली एक तरुणी नकाशे करायला आली. आधी ती एका मोबाइल कंपनीत टॉवर कुठे उभारायचे याची गणितं मांडायची. पगार चांगला होता, मन रमत नव्हतं. इबोलाची साथ पसरल्याचं कळलं आणि ती एका मदत संस्थेत दाखल झाली.

साथ सुरू झाली तेव्हा या भागाचा धड नकाशाही नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून, उपग्रहाच्या छायाचित्रांवरून इथलं एकेक छप्पर आणि रस्ता ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर गिरवला. त्या नकाशावर रुग्णाच्या सहवासात आलेली माणसं बसवणं हे तिचं काम. लागण झाली असेल तर 21 दिवसांच्या आत ताप येतो, म्हणून तेवढे दिवस प्रत्येकावर नजर ठेवायची. सकाळी पथकं मोटारसायकलींवरून निघत आणि संध्याकाळी तिच्या पडद्यावर हिरवे ठिपके उमटत. माणूस भेटला, ताप नाही.

एक ठिपका मात्र लाल झाला तो लालच राहिला. आजारी भावाची शुश्रूषा केलेला एक शेतकरी घरी सापडेना. घरचे तोंड उघडेनात. त्यांचंही खरंच होतं. यादीत नाव गेलेली कितीतरी माणसं उपचार केंद्रात गेली ती परत आली नव्हती. तिने आसपासची सगळी घरं पुन्हा पाहायला लावली. पथकं कंटाळली. वरिष्ठ म्हणाले, “बेपत्ता लिहा आणि नोंद बंद करा. आपली आकडेवारी बिघडतेय.” अशा कामात आकडेवारीची काळजी माणसाच्या आधी कधी येऊन बसते, ते भल्याभल्यांना कळत नाही.

तिचा दुभाषी त्याच गावाकडचा होता. तो तिला आठवडी बाजारात घेऊन गेला. तिथं लाल पामतेल विकणाऱ्या एका म्हातारीपुढे तिने छापलेला नकाशा पसरला. म्हातारीने रस्ते ओळखले, ओढा ओळखला. माकोना नदीवरून तिचं बोट पलीकडे गेलं आणि थांबलं.

“इथं काहीच नाही?”

“तो सिएरा लिओन, आजी. आमचं काम गिनीपुरतं.”

“माझी बहीण तिथं दिलीय. सून तिथली आणलीय. तिथं माणसंच नाहीत असं कोण म्हणालं तुला?”

किसी लोकांची वस्ती गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया अशा तीन देशांत आहे. सीमा परक्या राज्यकर्त्यांनी आखल्या. सोयरिकी त्यांना विचारून होत नाहीत. शिपाई उभे असले तरी होड्या रात्री चालतच होत्या. तरुणीने शेतकऱ्याचं नाव घेतलं. म्हातारी बराच वेळ तेलाचे डबे पुसत राहिली.

“सापडला तर काय करणार त्याचं?”

“ताप नसेल तर रोज जाऊन विचारपूस करू. असेल तर केंद्रात नेऊ. वाचेलच असं मी सांगू शकत नाही. पण घरच्यांना कुंपणाबाहेर उभं राहून त्याच्याशी बोलता येईल.”

दुभाष्याने हे जसंच्या तसं सांगितलं. वाचेलच असं सांगता येत नाही, हेसुद्धा.

“मामाकडे गेलाय,” म्हातारी म्हणाली, आणि नकाशाच्या कोऱ्या भागावर तिने नखाने गावाची जागा दाखवली.

त्याच रात्री तरुणीने स्वयंसेवकांना पलीकडचा काठ गिरवायला सांगितलं आणि सिएरा लिओनमधल्या कैलाहुनच्या पथकाला फोन लावला. शेतकरी तिथंच होता. आदल्या दिवशीच त्याला ताप भरला होता. मामाच्या घरातली सगळी नावं नव्या यादीत गेली, या खेपेला घरच्यांनी स्वतः सांगितलेली. तो वाचला. सगळे वाचले नाहीत. त्या साथीत 11,000 हून अधिक माणसं गेली.

नोंद पूर्ण करताना ‘माहितीचा स्रोत’ हा रकाना आला. निवडायला उपग्रह, पथक, रुग्णालय एवढंच होतं. तिने चौथा पर्याय तयार करून लिहिलं : पामतेलवाली, आठवडी बाजार.

वरिष्ठांनी विचारलं, “हा कसला स्रोत?”

“पुढच्या बाजाराला या माझ्याबरोबर,” ती म्हणाली. “नाही जमलं तर निदान त्या दिवशी मला कार्यालयात शोधू नका.”