फाटकाबाहेरचे पालक

‘या लोकांना शिक्षणाची आस्थाच नाही.’ पालकसभेला कुणी फिरकलं नाही की शिक्षक हे सहज बोलून जातात. पाड्यावरच्या आश्रमशाळेत, भटक्या-विमुक्तांच्या वस्तीवर, इथे बेंगळुरूत बांधकाम मजुरांच्या मुलांबद्दलही. मला हे वाक्य सहन होत नाही. पण दोष एकट्या शिक्षकाचा नाही. फाटकापाशीच थांबणाऱ्या आजीच्या मनात काय चाललंय, हे त्याला बी.एड.ला कुणी सांगितलेलंच नसतं.

ब्रिटिशांच्या १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. १९११च्या कायद्याने मात्र सरकारला त्या जमातींची मुलं आईबापांपासून काढून औद्योगिक किंवा सुधारशाळेत ठेवायची मुभा दिली आणि मोठ्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचीही. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग इथल्या सेटलमेंटांत माणसं हजेरी देत जगली. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला. त्या माणसांची पतवंडं आज वर्गात बसतात, आणि आपण त्यांच्या घरच्यांपुढे रजिस्टर सरकवून अंगठा मागतो.

कॅनडातही सुमारे दीड लाख आदिवासी मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घातली गेली. तिथल्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये केलेल्या ९४ शिफारशींत शिक्षकांना हा इतिहास शिकवण्यासाठी तयार करण्याचीही शिफारस आहे. आपली आश्रमशाळा मुलांना घरापासून तोडायच्या हेतूने निघाली नाही. तिथूनच कित्येक आदिवासी मुलं शिकून पुढे आली, हे नाकारणं अन्यायाचं होईल. तरीही सहा वर्षांचं पोर घरापासून दूर वाढलं, की रुसल्यावर कुणी समजूत काढायची, तापात कुणी उशाशी बसायचं, हे त्याला नीटसं अनुभवायलाच मिळत नाही. उद्या ते स्वतः आई किंवा बाप होतं, तेव्हा ही उणीव पुढच्या पिढीत उतरू शकते.

मूल तोडल्याशिवाय शिकवता येतं, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला दाखवून दिलं. त्यांनी शाळा पाड्याच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांमागे कुरणातही नेली.

बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातून शिक्षणात एम.ए. झालेली मुलं-मुली देशभरच्या शाळांसोबत काम करायला जातात. त्यांच्या कामाआधी आणि प्रत्येक बी.एड.वाल्याच्या सरावपाठांआधी वस्तीवरच्या म्हाताऱ्यांची एक भेट असावी. त्यांनी शाळेबद्दल बोलावं, शिक्षकाने ऐकावं. त्या दिवशी फॉर्म नको, फोटो नको, अंगठा तर नकोच.