बेलभंडारा आणि मत

1949 साली साताऱ्यातून दक्षिण सातारा निराळा निघाला, 1960 साली त्याचे सांगली असे नामकरण झाले आणि 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा अंमल सुरू झाला. परंतु सरहद्दी आणि कायदे पालटले तरी निवडणुकीच्या आदल्या रात्री देवळात बेलभंडारा उचलून घेण्याचा रिवाज या कृष्णाकाठाने पुरता सोडलेला नाही. पाटावर बेलाची पाने, शेजारी भंडाऱ्याची वाटी. पुढारी उमेदवाराचे नाव घेतो आणि त्याच्या उपकाराखाली दबलेला गडी थरथरत्या चिमटीने भंडारा कपाळाला लावून, खंडोबाच्या साक्षीने, आपले मत बांधून देतो. इंग्लंडात 1872 च्या कायद्याने मतदान गुप्त झाले, नगरसभांचेसुद्धा, आणि जमीनदाराच्या नजरेतून कूळ सुटले. येथे मात्र त्या आडपडद्यामागे देवालाच पहाऱ्यावर बसवतात.

मन पालटले तर ही शपथ पाळावी काय? ज्याला ही केवळ भोळी समजूत वाटते, त्याने त्या माणसाच्या सत्यनिष्ठेची कदर केलेली नाही. शब्द मोडताना ज्याचा जीव कासावीस होतो, त्याच्याच मताला काही वजन असते.

गांडीव दुसऱ्याला दे असे म्हणणाऱ्याचा शिरच्छेद करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. आणि कर्णपर्वात खुद्द युधिष्ठिरच तसे बोलतो. तेव्हा श्रीकृष्ण कौशिकाची कथा सांगतो. दरोडेखोरांनी विचारले म्हणून लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा खराखरा सांगणारा तो तपस्वी सत्य बोलूनही नरकात गेला.

बेलभंडाऱ्याचा निवाडा मला याहूनही सरळ वाटतो. जुन्या गोतसभेत वतनाच्या तंट्यात शपथ होई ती घडलेल्या गोष्टीची. शिवेचा दगड कोठे होता हे ज्याला ठाऊक, तो देवासमोर सांगे. मत ही तशी साक्ष नव्हे. पाणंद, विहीर, शाळा यांच्या भल्यासाठी गावाने मतदाराच्या हवाली केलेली ती अमानत आहे, आणि अमानत गहाण टाकण्याचा अखत्यार कोणालाच नाही, मग गहाणखतावर साक्ष प्रत्यक्ष देवाची का असेना.

1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदाराला दैवी कोपाचे भय घालणे हा भ्रष्ट आचार ठरवला, हे योग्यच झाले. पण कायद्याचा हात भय घालणाऱ्यापर्यंत पोचतो; भ्यालेल्याच्या मनापर्यंत पोचतो तो सप्ताहातला कीर्तनकार. निवडणुकीच्या हंगामात त्याने कौशिकाचे आख्यान लावावे, आणि पाप भंडारा उचलणाऱ्याला नव्हे, उचलावयास लावणाऱ्याला लागते, एवढे त्या पुढाऱ्याच्या देखत स्वच्छ सांगावे.