खणीचं पाणी

‘रंकाळा हे तळं नव्हेच, दगडाची जुनी खण आहे. माणसानं केलेला खड्डा माणसानं बदलला, तर त्यात निसर्गाचं काय गेलं?’ हे वाक्य मी गेल्या वर्षभरात तीन व्यासपीठांवरून ऐकलं. बोलणारे शहररचनेतले जाणकार होते आणि समोरचे श्रोते माना डोलावत होते. त्या माना पाहून मी लिहायला बसलो.

पहिला विचार असा होता की रंकाळ्याचं प्राचीनत्व सिद्ध करावं. कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की देवळांसाठी इथून दगड निघाला, आठव्या-नवव्या शतकात मोठा भूकंप झाला, जमिनीतून पाणी वर आलं आणि खण भरली. माझी आजी याच्याही पुढचं सांगायची. काठावरचा नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो, तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो पाण्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी. पाणी उतरलं की तळ्यातल्या संध्यामठाचे दगडी खांब उघडे पडत. आजी ते दाखवून म्हणायची, ‘बघ, खाली अजून किती आहे.’ भूकंप ही परंपरा झाली. पण दगड काढल्याची खूण शेजारीच आहे. इराणी खण आजही ‘खण’ या नावानंच ओळखली जाते आणि शहरातले गणपती तिथे विसर्जित होतात. तेव्हा खण हा शब्द मी आनंदानं मान्य करतो.

मान्य केल्यावर मात्र त्या जाणकारांचीच अडचण होते. २०१७च्या पाणथळ नियमांनी काही मानवनिर्मित जलाशय वगळले आहेत. कोणते? जे पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी खास बांधले गेले ते. दगडासाठी खणलेला खड्डा यांपैकी कशासाठी बांधला होता? पाणी हा तिथे कुणाचा हेतूच नव्हता, ते आपणहून आलं आणि राहिलं. रंकाळा खण आहे असं म्हणणारा माणूस त्याला संरक्षणाबाहेर काढत नाही, आत ढकलतो.

इथे लेख संपवता आला असता. पण कायद्यातल्या एका शब्दावर तळं तरतं असं मला मनापासून वाटत नाही. आणि मला ज्यांनी तळं बघायला शिकवलं, त्या अनुपम मिश्रांचा विषय काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मिश्र जन्मले आपल्या वर्ध्याला, १९४८ साली. काम केलं दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानात. १९९३ साली आलेलं त्यांचं ‘आज भी खरे हैं तालाब’ हे पुस्तक त्यांनी हक्क राखून न ठेवता लोकांना देऊन टाकलं. माणसानं केलेलं ते कमी, हा हिशोबच त्या पुस्तकात नाही. उलट तळं हे समाजाच्या हातचं काम, म्हणूनच त्याची जबाबदारी मोठी. राजस्थानी माणसाकडे तळ्याच्या प्रत्येक अवयवाला नाव होतं. पाणी जिथून वाहून येतं ते आगौर, जिथे साठतं ते आगर, बांध म्हणजे पाल आणि जास्तीचं पाणी जिथून सुटतं तो नेष्टा. आगौरात चपला घालून जात नसत. पाण्यापासून दूर, कोरड्या उतारावरही अनवाणी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो, कारण आम्ही रंकाळ्याला फक्त पाल आणि आगर ओळखत होतो. फिरायला बांध, बघायला पाणी. आगौर कुठे आहे, हे आमच्या घरात कुणी विचारलंच नव्हतं.

तरीही मिश्रांशी माझं एक भांडण आहे, आणि ते प्रेमाचं आहे म्हणून लपवत नाही. त्यांच्या लेखनात ‘समाज’ हा शब्द फार निर्मळ येतो. महाराष्ट्रात तळ्याबद्दल लिहिणाऱ्याला तो तसा वापरता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. तळं गावाच्या मधोमध होतं, गुरंढोरं तिथे पाणी पीत होती, आणि ‘समाज’ माणसांना अडवत होता. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ सालीच सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा हुकूम काढला होता. तो हुकूम काढावा लागला, यातच जुन्या समाजाची परीक्षा झाली. त्यामुळे ‘तळं समाजाच्या हाती परत द्या’ ही माझी आवडती घोषणा मी इथे मागे घेतो. परत कुणाला द्यायचं? तळं सगळ्यांचं झाल्याला उणीपुरी शंभर वर्षं होतायत. सगळ्यांचं तळं सांभाळायची रीत आपल्याला नव्यानं बसवायची आहे, जुन्यातून उचलून आणता येणार नाही.

आणि ती रीत काठावर बसत नाही. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्यासाठी ८.६५ कोटी रुपये मंजूर झाले. काठावर फरसबंदी दिसते, दिवे दिसतात. पण श्याम सोसायटीकडून, देशमुख हॉलकडून येणारे नाले हेच आजचं आगौर आहे. त्यातून मैला येतो, धुण्याच्या पावडरीचा फॉस्फरस येतो. तो खाऊन आधी केंदाळ माजतं. केंदाळ काढलं की शेवाळ पाणी हिरवं करतं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री सगळेच तो ओढतात, पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी उरतो आणि मासे मरून वर येतात. तळाच्या गाळात वर्षानुवर्षं साठलेला फॉस्फरस, प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात सुटतो. म्हणजे नाला आज बंद केला तरी तळं काही वर्षं हिरवंच राहील. ही काही वर्षं धीर धरण्याची तयारी कोणत्या निविदेत लिहिलेली असते?

खड्डा बदलला तर काय गेलं, याचं उत्तर याच शहरात आहे. कपिलतीर्थ हे तळं बुजलं, तिथे मंडई भरते. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, आणि दर पावसाळ्यात त्या मैदानात पाणी साठतं. मग महापालिका पंप लावते. ते पाणी चुकून आलेलं नाही, शहराचा उतारच तिथे आहे. तळं बुजवता आलं, उतार बुजवता आला नाही.

त्या जाणकारांना माझी एक विनंती आहे. येत्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की रंकाळ्याच्या राजघाटावर येऊ नका. श्याम सोसायटीच्या नाल्याच्या तोंडाशी या आणि तिथून उलटे, पाणी येतं त्या दिशेनं चालत जा. मी सोबत येईन. गटारं ओलांडत, वळणं घेत आपण जिथे पोचू तिथे कुणाची तरी न्हाणीघरं असतील, मोऱ्या असतील. दार वाजवून आत जाऊ आणि घरच्यांना विचारू, तुमचं पाणी इथून पुढे कुठे जातं?