अनोळखी माणसाला जामीन कोण?

बर्लिनमध्ये परवडणारी खोली हवी असेल तर आधी मुलाखत द्यावी लागते. ती घेतात त्या घरात राहणारे भाडेकरू. तीन-चार खोल्यांचा फ्लॅट, माणशी एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक, अशा बिऱ्हाडाला तिथे ‘वेगे’ म्हणतात. १९६७ साली पश्चिम बर्लिनमध्ये ‘कोम्यून १’ नावाचं एक बिऱ्हाड सुरू झालं तेव्हा एकत्र राहणं हे कुटुंबसंस्थेविरुद्धचं बंड होतं. आता त्यात बंड वगैरे काही उरलेलं नाही. एकट्याचं घर परवडत नाही म्हणून लोक एकत्र राहतात. निवडीची पद्धत मात्र टिकली आहे: नवा माणूस आत घ्यायचा की नाही, हे आतले ठरवतात.

माझ्या भाचीने अशा मुलाखती दिल्या आहेत. स्वयंपाकघरात बसवतात, चहा देतात आणि गप्पा मारल्यासारखं करून चाचपून बघतात. रविवारी काय करतेस? रात्री उशिरा फोनवर बोलतेस का? शाकाहारी आहेस ना, मग आमच्या तव्यावर आम्ही मांस भाजलं तर चालेल का? तिच्या मागे फ्रिज. त्याच्या दारावर आठवड्याचा साफसफाईचा तक्ता, आणि आत प्रत्येक कप्प्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. निघून गेलेल्या मुलीचं नाव अजून मधल्या कप्प्यावर होतं. ती जागा रिकामी होती आणि त्याच दुपारी ती बघायला आणखी बरेच जण येणार होते. ‘कळवतो’ म्हणाले. कळवलं नाही. आपल्याकडे मुलगी बघायला येणारे निदान पोहे खाऊन नकार देतात, असं ती फोनवर म्हणाली.

आता हे शहर भाडेकरूंच्या बाजूचं म्हणून ओळखलं जातं. बहुसंख्य बर्लिनकर भाड्याच्या घरात राहतात आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. नवा करार करताना आसपासच्या सरासरी भाड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त भाडं लावायचं नाही, असा कायदा २०१५ साली आला. २०२० साली बर्लिन राज्याने त्याच्याही पुढे जाऊन भाडी गोठवली. २०२१ च्या एप्रिलमध्ये घटना न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण हा विषय राज्याच्या अखत्यारीतला नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोठ्या घरमालक कंपन्यांची घरं सरकारने ताब्यात घ्यावीत या बाजूने निम्म्याहून जास्त मतदारांनी कौल दिला. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्याच्या वर मागता येत नाही, आणि तीसुद्धा तीन हप्त्यांत देण्याची मुभा आहे. मुंबई-पुण्याच्या भाडेकरूने हे वाचून सुस्कारा सोडावा.

पण या सगळ्या संरक्षणाचा फायदा आधीपासून आत असलेल्याला होतो. जुन्या कराराचं भाडं कमी असतं, म्हणून जुना भाडेकरू हलत नाही. तो हलत नाही म्हणून घरं रिकामी होत नाहीत. नव्याने येणाऱ्याच्या वाट्याला येतात त्या सहा महिन्यांच्या, फर्निचरसकटच्या, कुणाच्या तरी गैरहजेरीतल्या खोल्या, आणि तिथेच भाडेनियंत्रण सैल पडतं. भाडं किती असावं हे कायदा सांगू शकतो. दार कुणाला उघडायचं, हे त्याने आतल्या माणसावर सोडलेलं असतं.

आणि आतला माणूस कागद मागतो. तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, आधीच्या घरमालकाचं थकबाकी नसल्याचं पत्र, आणि ‘शुफा’चा दाखला. शुफा ही उधारी फेडण्याची पत सांगणारी संस्था. १९२७ साली बर्लिनमध्येच तिचा जन्म झाला. विजेची उपकरणं हप्त्यावर विकायची तर कोण पैसे बुडवणारा आणि कोण भरवशाचा, हे कळायला हवं, एवढाच तिचा उद्देश होता. शंभर वर्षांत तो दाखला घराच्या दाराशी येऊन बसला. काल विमानातून उतरलेल्या मुलाने त्या देशात कधी उधारीच केलेली नाही, तर ती फेडल्याचा दाखला तो कुठून आणणार?

त्यावर कडी म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही लागते. कर क्रमांक या नोंदणीवर मिळतो, राहण्याचा परवाना वाढवताना ती लागते, पुष्कळ बँकाही ती मागतात. आणि ज्या खोल्या सहज मिळतात, त्यातल्या कितीतरी ‘नोंदणी मिळणार नाही’ या अटीवर असतात, कारण देणाराच पोटभाडेकरू असतो आणि त्याने मूळ मालकाला विचारलेलं नसतं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण ज्याने काढली त्याला बर्लिनची कचेरी माहीत नव्हती, पण तिचा स्वभाव माहीत होता.

खरं तर शिकायला गेलेल्या या मुलांकडे पैसे असतात. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मिळवताना वर्षभराच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात दाखवावी लागते; २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ती ११,९०४ युरो झाली. म्हणजे बाप इकडे शेत किंवा फ्लॅट गहाण टाकून जवळपास अकरा-बारा लाख रुपये उभे करतो, आणि मुलगा तिकडे त्या पैशांसकट घराबाहेर उभा राहतो. माझं म्हणणं एवढंच आहे की परक्या शहरात घर अडतं ते भाड्यापेक्षा हमीवर. हा माणूस कोण, याच्याबद्दल कोण बोलेल, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. स्वस्त घरांचा तुटवडा खराच आहे, तो मी नाकारत नाही. पण तुटवडा असला की निवड करावी लागते, आणि निवड ओळखीच्या बाजूने झुकते.

ही झुकती बाजू मोजलीही गेली आहे. २०१७ साली बव्हेरियाच्या सार्वजनिक नभोवाणीने आणि ‘डेर श्पीगेल’ या साप्ताहिकाने मिळून जर्मनीतल्या मोठ्या शहरांत भाड्याच्या जाहिरातींना सुमारे २०,००० अर्ज पाठवले. मजकूर सारखा, नोकरी चांगली, जर्मन भाषा निर्दोष. फरक फक्त नावाचा. जर्मन नावांना बोलावणी आली, अरबी आणि तुर्की नावं ठळकपणे मागे पडली. भेदभाव रोखणारा कायदा तिथे २००६ पासून आहे. पण मालक किंवा त्याचे नातलग त्याच आवारात राहत असतील तर तो मागे सरतो, कारण कुणाबरोबर राहायचं हे ठरवण्याचा हक्क माणसाला असायलाच हवा. या युक्तिवादाला मला उत्तर सापडत नाही. माझ्या स्वयंपाकघरात कोण येणार, हे मलाही ठरवायचंच असतं.

हमी नसलेल्याला फसवणारे मात्र लगेच भेटतात. घरमालक अचानक परदेशी गेलेला असतो, फोटो झकास असतात, भाडं बाजाराच्या निम्मं असतं, आणि अनामत भरली की किल्ली कुरिअरने येणार असते. सुशिक्षित मुलं याला का फसतात, असं लोक विचारतात. पन्नास जागी नकार ऐकल्यावर जो पहिला ‘हो’ म्हणतो, त्याच्यावर शंका घ्यायला जे बळ लागतं ते उरलेलं नसतं.

मराठी माणसाने हा पेच एकेकाळी आपल्या पद्धतीने सोडवला होता. मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या नि घाटावरच्या कितीतरी गावांच्या खोल्या होत्या. खोली गावाच्या मंडळाची, भाडं माणशी वाटून. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागी वळकटी पसरायचा. प्रत्येकाची ट्रंक फळीवर, कपडे दोरीवर, जेवण खानावळीत. गोव्याच्या माणसांनी धोबीतलाव, माझगाव भागांत ‘कूड’ उभारले. गावाचा एक क्लब, भिंतीशी ओळीने पेट्या, एका बाजूला वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ‘तेर्स’ म्हणायचा. बोटीवर जाणारा तारवटी दोन सफरींच्या मधले दिवस नाममात्र पैशांत तिथे काढायचा. कुणी कुणाचा दाखला मागत नव्हतं. अमक्याचा धाकटा म्हणाला की पुरे. तो भाडं बुडवून पळाला तर पळून जाणार कुठे? गावालाच ना.

पण या आठवणीने गहिवरून जाऊ नये. जी हमी गाव देतं, ती गावाच्या उतरंडीसकट देतं. कूड गावच्या ख्रिस्ती पुरुषांचा. बाकीच्यांना तिथे जागा नव्हती. आणि ज्यांना गावानेच वेशीबाहेर ठेवलं, त्यांना गावच्या खोलीत कोण घेणार? १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांच्याकडे कोलंबिया विद्यापीठाचं शिक्षण होतं, संस्थानची नोकरी होती, खिशात भाडं होतं. तरी पारशी नाव सांगून पारशी विश्रामगृहात राहावं लागलं. नाव उघड झाल्यावर काठ्या घेतलेला जमाव आला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आपापल्या घरातल्या अडचणी सांगितल्या. बाबासाहेब बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. परका ठरायला परदेशच लागतो असं नाही.

म्हणून जुनी गावकी परत आणण्यात अर्थ नाही, आणि नुसत्या कागदांचं काय होतं ते बर्लिनमध्ये दिसतंच आहे. मधला रस्ता एकच दिसतो: ज्या संस्थेने या माणसाला शहरात बोलावलं, तिने त्याच्यासाठी सही करावी. हे मी जर्मनांना सांगायला बसलेलो नाही. पुणेकरांना सांगतो आहे.

पुण्यात आफ्रिकेतली, इराणची, येमेनची, अफगाणिस्तानची मुलं अनेक वर्षं शिकायला येतात. कॉलेजं त्यांच्याकडून इथल्या मुलांच्या कित्येक पट फी घेतात आणि माहितीपुस्तिकेत त्यांचे हसरे फोटो छापतात. वसतिगृहात जागा मोजक्या. उरलेल्यांनी आपलं आपण बघायचं. मग ती मुलं कोंढव्यात, लोहगावात, वाघोलीत एजंटांच्या मागे फिरतात. ‘फक्त फॅमिली’. ‘सोसायटीत चालत नाही’. ‘फॉरेनर असेल तर अनामत डबल’. आपल्याकडे खासगी घरभाड्यातला भेदभाव रोखणारा सर्वंकष कायदाही नाही. उलट, एका समाजापुरती सभासदी ठेवण्याचा सहकारी गृहसंस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरवला. तो पारशांच्या संस्थेचा खटला होता, पण त्याचा आधार सगळ्यांनाच सोयीचा वाटतो. बर्लिनमध्ये आपल्या मुलीला नाव बघून नाकारलं म्हणून संतापणारे आईवडील इथे आपला दुसरा फ्लॅट नायजेरियन मुलाला देताना सोसायटीचं नाव पुढे करतात. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे, आमच्याच इमारतीत.

मालकांच्या भीतीतली थोडी खरी असते. परदेशी भाडेकरू राहायला आला की २४ तासांच्या आत ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखली जाणारी नोंद ऑनलाइन करावी लागते. करार रीतसर नोंदवावा लागतो, पोलीस ठाण्यात माहिती द्यावी लागते. हे सगळं एका दुपारचं काम आहे, पण निवृत्त माणसाला ते लचांड वाटतं. पुढे काही भानगड झाली तर विचारायचं कुणाला, हा प्रश्न उरतोच. त्याला उत्तर कॉलेजने द्यावं. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमधून कॉलेजने दहा-वीस फ्लॅट स्वतःच्या नावावर अकरा महिन्यांच्या कराराने घ्यावेत, अनामत भरावी, नोंदी कराव्यात आणि एक फोन नंबर द्यावा जो उचलला जातो. कंपन्या आपल्या बदलीवरच्या अधिकाऱ्यांसाठी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत, आणि कंपनीला घर द्यायला सोसायट्यांची सहसा हरकत नसते.

कॉलेजांच्या व्यवस्थापनावर, माजी विद्यार्थी संघावर, निदान सोसायटीच्या कमिटीवर आपल्या वाचकांपैकी कुणी ना कुणी असेलच. पुढच्या बैठकीत हा विषय मांडा, आणि प्रवेशाची पत्रं जाण्याआधी मांडा. मुलं येऊन पोहोचली की मग उशीर झालेला असतो.