कुंपणालगतची पिवळी फुलं

नवी मुंबईत पाऊस स्थिरावला की सोसायटीच्या बागेत कोणी न लावलेलं पुष्कळ काही उगवतं. टाकळा येतो, भुईआवळी येते, आणि ऊन तापलं की दोन्ही वाळून जातात. पण एखादी वनस्पती जायचं नाव घेत नाही. नेरूळच्या आमच्या बागेत कुंपणालगत अशीच एक पसरली आहे. गडद तुकतुकीत पानं आणि सूर्यफुलाची धाकटी बहीण शोभावीत अशी पिवळी फुलं. इतकं देखणं रूप की तिला तण म्हणायला जीभ वळत नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, “माका आहे गं तो.” आजींचं म्हणणं सत्यापासून फार लांब नव्हतं, पिवळा माका हिच्या जवळच्या नात्यातलाच.

मात्र खाली बसून पाहिलं की वेगळेपण दिसतं. पिवळ्या माक्याचं पान लांबट, सरळ. हिच्या पानाला दोन्ही बाजूंनी एकेक टोक निघालेलं, म्हणजे पान तीन भागांचं. केसांच्या तेलात घालतात तो माका तर पांढऱ्या बारीक फुलांचा. त्याचं पान हातावर चोळलं की रस काळा पडतो. मग हिची जमिनीवर सरपटणारी फांदी हलकेच उचलून पाहावी. जिथे जिथे पेर मातीला टेकलं, तिथे तिथे मुळं फुटलेली असतात. फोनमधलं ॲप फोटोवरून नाव सुचवतं, त्याची मदत जरूर घ्यावी. पण ते पेर उलटून पाहायचं काम आपलंच.

ही सिंगापूर डेझी. नर्सरीवाले हिला वेडेलिया म्हणतात, शास्त्रीय नाव स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतली ही रहिवासी, जमीन झटपट झाकते म्हणून बागांमध्ये आणि रस्त्याकडेला हौसेनं लावली गेली. जगातल्या 100 अति उपद्रवी आगंतुक प्रजातींच्या यादीत आज तिचं नाव आहे. ती बियांवर फारशी अवलंबून नसते. पेर असलेला तुकडा मातीत पडला तरी तिला पुरतं. म्हणून नाव कळणं इतकं मोलाचं. नाव ठाऊक नसेल तर माळीदादा कातरीनं छाटतात, तुकडे भिंतीपलीकडे नाल्याकडे टाकले जातात, आणि सफाई म्हणून केलेलं काम लागवड होऊन बसतं. आपल्याकडे नाला खाडीला मिळतो, हे तर सांगायलाच नको.

अशा वेळी मला रोला शेषगिरी राव आठवतात. 1955 मध्ये पुण्यात उकिरड्यावर उगवलेली एक अनोळखी वनस्पती या वनस्पतिशास्त्रज्ञानं पाहिली, ओळखली आणि 1956 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद केली. तेच आपलं गाजर गवत. आज देशभर शेतांत, रेल्वेरुळांच्या कडेनं ते माजलं आहे, माणसांच्या अंगाला खाज आणि श्वासाला त्रास देतं आहे. एका माणसानं वेळेवर विचारलं होतं, “हे काय उगवलंय?” बाकीच्यांनी तो प्रश्न पुढे नेला असता तर, असं मला फार वाटतं. तण काही हात जागेपुरतं असतं तेव्हा ते काढायला एक सकाळ पुरते. टेकडी व्यापली की सरकारी योजनाही अपुरी पडते.

माती ओली असतानाच सिंगापूर डेझीची ही वेल मुळांसकट निघते. पेरन् पेर वेचून घ्यावं, सिमेंटच्या गच्चीवर कडक उन्हात पार वाळू द्यावं, ओल्या कचऱ्यात किंवा खतखड्ड्यात मुळीच टाकू नये. मोकळी झालेली जागा पावसाळाभर पुन्हा पुन्हा तपासावी, कारण राहून गेलेलं एखादं पेर तिथे नक्की डोकं वर काढणार. आणि त्या जागी काही लावायचंच असेल, तर आजींना हवा असलेला खरा माका लावावा.