280 अश्वशक्तीच्या पलीकडे

1989 साली जपानी मोटार उत्पादकांनी आपसांत एक समजूत ठरवली: जपानमध्ये रस्त्यावर चालवण्यासाठी विकायच्या कोणत्याही गाडीची जाहीर ताकद 280 अश्वशक्तीच्या वर न्यायची नाही. अपघातांतले वाढते मृत्यू आणि त्यापायी सरकारी निर्बंध येण्याची धास्ती, ही त्यामागची कारणे. 2004 मध्ये होंडाने 300 अश्वशक्तीची लेजंड बाजारात आणली, तेव्हा ही समजूत संपली. मधल्या पंधरा वर्षांत निसान स्कायलाइन जीटी-आर, टोयोटा सुप्रा, मित्सुबिशी जीटीओ, मझदा आरएक्स-7 अशा अगदी वेगवेगळ्या घडणीच्या गाड्यांच्या माहितीपत्रकांवर कधी ना कधी तोच एक आकडा छापला गेला. इंजिनात फेरफार करावेत का, आणि केलेच तर कुठवर, हा शौकिनांमधला जुना वाद याच गाड्यांभोवती सर्वाधिक रंगला. तो समजून घ्यायलाही याच गाड्या उपयोगी पडतात, कारण कारखान्याने दिलेली ताकद आणि इंजिनाला पेलवणारी ताकद यांतले अंतर इथे उघड दिसते.

सुप्राचे 2जेझेड-जीटीई इंजिन 2997 सीसीचे. एका ओळीत सहा सिलिंडर, व्यास आणि स्ट्रोक दोन्ही 86 मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा, क्रँकशाफ्ट घडीव पोलादाचा आणि त्याला सात मुख्य बेअरिंगांचा आधार. हे इंजिन जपानमध्ये 280, तर अमेरिकेत 320 अश्वशक्तीचे म्हणून विकले गेले. निर्यातीच्या इंजिनात इंजेक्टर मोठे होते आणि टर्बाइनची चाके सिरॅमिकऐवजी धातूची होती; ब्लॉक आणि क्रँक मात्र तेच. स्कायलाइनच्या आरबी26डीईटीटी इंजिनाची 2568 सीसी ही वेगळी वाटणारी क्षमता थेट ग्रुप ए शर्यतींच्या नियमांतून आली. टर्बो इंजिनाची क्षमता 1.7 ने गुणून गाडीचा वर्ग ठरवायचा, असा तो नियम. त्या हिशेबाने 2568 चे 4366 होतात आणि गाडी 4500 सीसीच्या वर्गात बसते. शर्यतीच्या गाडीत हे इंजिन साडेपाचशे-सहाशे अश्वशक्ती देत असे. 1990 ते 1993 या चार हंगामांत जपानी टूरिंग कार मालिकेतल्या 29 च्या 29 शर्यती स्कायलाइनच्या आर32 पिढीच्या जीटी-आर गाड्यांनी जिंकल्या.

‘कारखान्याने विचार करूनच आकडा ठरवलेला असतो, त्याला हात लावू नये’ हा युक्तिवाद म्हणूनच या दोन इंजिनांपुरता तरी टिकत नाही. इथला आकडा अभियंत्यांनी नव्हे, धोरणाने ठरवला होता. पण एवढ्यावरून दुसरी बाजू पूर्ण खरी ठरते असेही नाही. इंजिनात शिल्लक ठेवलेली ताकद सगळीकडे सारखी नसते. ब्लॉकमध्ये ती भरपूर असेल आणि तेलाच्या पंपात जवळजवळ नसेल. फेरफारांच्या वादात बहुतेक वेळा ब्लॉकविषयी बोलले जाते; इंजिने मात्र बहुधा दुसऱ्याच ठिकाणी मरतात.

टर्बो इंजिनाची ताकद वाढवण्याची मूळ कल्पना साधी आहे. जास्त हवा कोंबायची आणि त्या प्रमाणात जास्त पेट्रोल द्यायचे. वातावरणाच्या दाबावर आणखी एक बार बूस्ट दिला की सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब दुप्पट होतो. हवेचे वजन मात्र दुप्पट होत नाही, कारण दाबलेली हवा तापते आणि विरळ होते. म्हणून मोठा इंटरकूलर लागतो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी हवा-इंधनाचे वजनी प्रमाण 14.7 ला 1 हवे, पण भरपूर बूस्टवर ते मुद्दाम 11.5 ते 12 च्या आसपास ठेवतात. जादा पेट्रोल सिलिंडर थंड ठेवते. हे गणित चुकले की नॉकिंग सुरू होते. ठिणगीपासून निघालेली ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटते, दाब क्षणात उसळतो, पिस्टनच्या माथ्यावर असलेला थंड वायूचा पातळ थर उडून जातो आणि धातू उघडा पडतो. रिंगांच्या मधल्या कडा तुटतात किंवा पिस्टनला भोक पडते. नॉकिंग होऊ न देणे ही ट्यूनरची पहिली जबाबदारी आणि तिथे ब्लॉकच्या मजबुतीचा काही उपयोग नाही. ‘नुसता बूस्ट वाढवला आणि इतकी ताकद मिळाली’ असे सांगणाऱ्याला म्हणूनच आधी इंधन कुठले, इंजेक्टर किती क्षमतेचे आणि इग्निशन टायमिंग कोणी बसवले, हे विचारले पाहिजे.

तेलाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. आरबी26 दीर्घकाळ वरच्या फेऱ्यांवर चालवले की सिलिंडर हेडमध्ये चढणारे तेल तितक्या वेगाने खाली उतरत नाही. ते वरच साचते, तळाची तेलाची टाकी, म्हणजे संप, रिकामा होऊ लागतो, पंप हवा ओढतो आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे काही क्षणांत जातात. शिवाय सुरुवातीच्या आर32 गाड्यांत क्रँकचा जो चपटा भाग तेलाचा पंप फिरवतो, तो अरुंद होता. जास्त फेऱ्यांच्या आणि कंपनांच्या माऱ्याखाली तिथे पंपाचा गिअर तडकतो. अनुभवी मेकॅनिक अशा इंजिनावर काम करताना आधी क्रँकवर रुंद कॉलर बसवतात, हेडकडे जाणारे तेल नियंत्रित करणारा रिस्ट्रिक्टर घालतात, परतीच्या वाटा मोठ्या करतात, संप वाढवतात. टर्बोचा विषय त्यानंतर. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, त्यातून एक अश्वशक्तीही वाढत नाही, आणि म्हणूनच हौशी लोक तो टाळतात. एखादा फेरफार समजून केला आहे की आकड्यासाठी, हे ओळखण्याची याहून चांगली खूण नाही.

टर्बोला नाक मुरडणारा दुसरा एक मोठा गट आहे. त्याचे दैवत म्हणजे 1999 च्या होंडा एस2000 चे एफ20सी इंजिन. 1997 सीसीतून, टर्बोशिवाय, 250 अश्वशक्ती आणि मिनिटाला 9000 फेऱ्यांची मर्यादा. 84 मिलिमीटर स्ट्रोकच्या हिशेबाने 9000 फेऱ्यांना पिस्टनची सरासरी गती सेकंदाला सुमारे 25 मीटर होते. सुप्राच्या इंजिनात 7000 फेऱ्यांना ती 20 मीटर आहे. जडत्वाचे बल फेऱ्यांच्या वर्गाने वाढते, त्यामुळे इथे कारखान्याने शिल्लक फारशी ठेवलेलीच नाही. अशा इंजिनात कॅम, एक्झॉस्ट, रिमॅप करून हाती लागते ते थोडे, आणि त्याची किंमत मोठी. या गटाचे म्हणणे असे की ताकद कमी असली तरी ॲक्सिलरेटरला मिळणारा तात्काळ, सरळ प्रतिसाद हाच खरा आनंद. मोठा टर्बो बसवलेल्या गाडीत चार हजार फेऱ्यांपर्यंत काही घडत नाही आणि मग एकदम सगळे येते, हे निरीक्षण खरे आहे. रोजच्या रस्त्यावर इंजिन बहुतेक वेळ चार हजारांच्या खालीच असते. तिसरा गट क्षमतेवाल्यांचा. जनरल मोटर्सचे 1997 चे 5.7 लिटरचे एलएस1 व्ही8 आणि त्याची पुढची भावंडे उचलून दुसऱ्याच गाडीत बसवणे हा त्यांचा मार्ग. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, व्हॉल्व्ह पुशरॉडने चालणारे, म्हणून इंजिन आटोपशीर. तांत्रिकदृष्ट्या त्यात खोट काढणे अवघड आहे. आक्षेप असतो तो गाडीची ओळख बदलण्याला.

या तिन्ही गटांचे वाद डायनोवरच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच्या, सर्वोच्च आकड्यापाशी अडकतात, ही त्यातली सर्वांत नडणारी गोष्ट. सर्वोच्च ताकद फेऱ्यांच्या एका विशिष्ट गतीला, काही सेकंदांसाठी मिळालेली असते. त्या आधीच्या तीन हजार फेऱ्यांत टॉर्कचा आलेख कसा आहे, वीस मिनिटे ट्रॅकवर चालवल्यानंतर तेलाचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान किती असते, नॉक सेन्सर किती वेळा टायमिंग मागे घेतो, हे त्या आकड्यातून कळत नाही. आठशे अश्वशक्तीचे इंजिन काही सेकंद चालते आणि साडेचारशेचे दिवसभर चालते; यात श्रेष्ठ कोणते हे ठरवायला आधी काम ठरवावे लागते.

मूळ अवस्थेचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू गेल्या काही वर्षांत बळकट झाली. अमेरिकेत 25 वर्षे जुनी झालेली परदेशी गाडी आयात करता येते. त्या नियमाने 1989 चे आर32 जीटी-आर 2014 मध्ये, तर 1999 चे आर34 जीटी-आर 2024 मध्ये मोकळे झाले आणि भाव चढले. आर34 जीटी-आर गाड्या मुळात साडेअकरा हजारांच्या आसपासच बनल्या. आता इंजिन, टर्बो आणि ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) कारखान्यातलेच असलेली गाडी दुर्मीळ आहे. अशा गाडीत परत फिरवता न येणारा फेरफार करणे चूकच. कापलेले शीट मेटल आणि खोदलेला ब्लॉक पूर्ववत होत नाही. मूळ भाग जपून ठेवून जोडलेला टर्बो उतरवता येतो.

उत्सर्जनाबाबत मात्र दोन मतांना जागा नसावी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून मिळणारी थोडी ताकद इतरांच्या श्वासाच्या मोबदल्यात मिळते. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात प्रदूषणरोधक यंत्रणेशी छेडछाड बेकायदा आहे. भारतात मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी प्रमाणपत्रावर न दिसणारा ईसीयूचा रिमॅप आरटीओच्या नजरेला पडत नाही, पण मोठा अपघात झाला की विमा कंपनीचा तपासनीस तो शोधू शकतो. मुक्तपणे फेरफार केलेल्या गाड्यांची जागा म्हणून बंद आवारातच उरते: चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइम्बतूरचा करी, किंवा लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग शर्यती. पाव मैलाची, म्हणजे 402 मीटरची ती धाव काही सेकंदांची असते. तेवढ्यासाठी बांधलेल्या इंजिनाला तेल हेडमध्ये साचण्याइतका वेळच मिळत नाही. त्याची कसोटी क्लच, गिअरबॉक्स आणि मागच्या टायरांवर लागते.