शिकणारा हात

शस्त्रक्रिया केवळ पुस्तकातून शिकता येत नाही. कधीतरी, कुणाच्या तरी देहावर पहिला टाका घालावाच लागतो. तो देह बहुधा खाजगी इस्पितळाचा खर्च न परवडणाऱ्याचा असतो. उद्याच्या रुग्णांना निष्णात शल्यविशारद लाभावा म्हणून आजच्या गरिबाने शिकाऊ हात सोसावा, हे न्याय्य आहे काय?

शिरवण्याच्या शेजारी, नेरूळला १९८९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेव्हापासून शिकाऊ डॉक्टर आपल्याला परका राहिलेला नाही. तो नकोच म्हणावे, तर उद्या शल्यविशारदच उरणार नाही. म्हणून प्रश्न शिकावे की नाही हा नसून, कोणत्या अटींवर शिकावे हा आहे.

२०१९ पासून देशातील एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात कौशल्याच्या पायऱ्या आखल्या आहेत : माहीत असणे, कसे करावे हे कळणे, करून दाखवणे आणि अखेर स्वतंत्रपणे करणे. जोडीला वृत्ती, नीती व संवाद यांचेही पाठ आले. टाके घालणे, गाठ मारणे सरावाने साधते. "हे मला जमणार नाही, वरिष्ठांना बोलवा," असे म्हणणे अधिक कठीण.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची तपासणी-सूची काढली. रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची जागा मोठ्याने पडताळायची. शेवटी गॉजचे तुकडे मोजायचे. दिल्लीसह आठ शहरांतील इस्पितळांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. तेथे नवे शस्त्र नव्हते, नवे औषध नव्हते. विचारणे आणि बोलणे होते. तेव्हा सर्वांत कनिष्ठाने निर्भयपणे बोलणे, हेही शल्यकौशल्यच होय.

आणि संमती? कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. टाके कोण घालणार, देखरेख कोण करणार, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावे. त्याने नकार दिला तरी उपचारांत उणे पडू नये. शवविच्छेदनापूर्वी देहदात्याला वंदन करण्याची प्रथा अनेक महाविद्यालयांत आहे. मृताचा असा मान राखणाऱ्याने जिवंताची संमती गृहीत का धरावी? विचारून घेतले तर रुग्ण साधन राहत नाही, तो गुरू होतो.

हे ऋण केवळ डॉक्टरांचे नाही. पैसे मोजून आपण ज्या सराईत हाताखाली निर्धास्त झोपतो, तो हात कुणा अनामिक गरिबाच्या देहावर स्थिर झालेला असतो. त्या गरिबाला इस्पितळात सन्मानाने वागवले जाते की नाही, हे पाहणे आपलेही कर्तव्य आहे.